शाळा सुटल्यावर आणते

७ डिसेंबर २०२५, रविवार
शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ

उन्नती,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा की परत पाठवायचा ते तू ठरव.

तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि वहिनी फोन उचलत नाही, म्हणून हे कागद-पेन. आपल्या शाळेतली शिपाई नवसी जांभूळ गावाच्या पलीकडच्या वाडीतून येते, तुझ्या मामाच्या दारावरूनच तिची वाट आहे. तिच्या हाती पत्र देते आहे. तिला बजावलंय की महेंद्रमामाकडे नाही, मामीकडे नाही, थेट तुझ्या हातात द्यायचं. बाबांच्या बाराव्यानंतर तू आणि वहिनी तिच्या माहेरी जांभूळला गेलात ते परत खरवईच्या घरी आला नाहीत. शाळेतही तू पाऊल टाकलं नाहीस. म्हणून आधी कामाचं लिहिते.

तुझा दहावीचा फॉर्म भरला आहे. फोटो नववीचाच लावला, दोन वेण्यांतला. पूर्वपरीक्षा पाच जानेवारीला सुरू होते. हजेरीचं मी मुख्याध्यापकांशी बोलले. वडील गेले म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. भूमितीची आणि विज्ञानाची वही जिज्ञासाकडून आणून झेरॉक्स करून ठेवली आहे. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण लागतं वाचायला. तुला फक्त यायचं आहे.

आता दुसरं. लोक काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. मढवी बाईंनी सकाळी भाचीच्या पायात बूट घालायला लावले आणि अकरा वीसला उल्हासनगरच्या दवाखान्यात भाऊ गेला, असं स्टाफरूममध्येही कुजबुजतात. पोरं मला पाठीमागे फूटपट्टी म्हणतात हे मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. आता त्यात आणखी काही जोडलं असेल. पण मला सांग, नियम काय मी माझ्या हौसेसाठी केला? मी खरवईहून शाळेत चालत जायचे तेव्हा माझ्याकडे दोन फ्रॉक होते आणि दोन्ही आईनं कुणाकडून तरी मागून आणलेले. स्टेशनकडच्या एका मुलीनं भर वर्गात सांगितलं होतं, हा तर माझा जुना. मग पाचवीत गणवेश सक्तीचा झाला. तुझ्या आजोबांनी कुरकुरत का होईना, निळा स्कर्ट शिवून आणला. त्या दिवसापासून मी कुणाच्या उतरलेल्या कपड्यांत नव्हते. किती बरं वाटलं होतं ते तुला नाही कळायचं. तुझ्या अंगावर पहिल्या वर्षापासून नवे कपडे आहेत.

त्या गुरुवारी फाटकावर मी अकरा मुलं बाजूला काढली होती. कुणाचा पट्टा नव्हता, कुणाच्या रिबिनी काळ्या, कुणाच्या केसांना जेल. संस्थेचे लोक पाहणीला येणार होते. त्यात तू आलीस, पायात काही नाही. मी शिस्तप्रमुख. माझ्या भाचीला आत सोडून बाकीच्यांना बाहेर उभं करायचं का? नवसाबद्दल कुणी काही बोललं असेल तर त्या गडबडीत ते माझ्या कानापर्यंत आलं नाही. हे मी बाराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं आणि तुलाही तेच सांगते.

अनंता तुझा बाप होता तसा माझाही धाकटा भाऊ होता. एवढं लक्षात ठेव.

पाच तारीख. येताना कंपासपेटी विसरू नकोस.

मथुरा आत्या


२१ डिसेंबर २०२५
अंबरनाथ

उन्नती,

पत्र परत आलं. फोडलेलं, वाचलेलं आणि पुन्हा होत्या त्याच घड्यांत. नवसी म्हणाली, तू उंबऱ्यात उभ्या उभ्या वाचलंस आणि तिच्याच हातात ठेवलंस. बाईंना काय सांगू, असं तिनं विचारलं तर म्हणालीस, काही नाही.

बारा दिवस ते माझ्या पर्समध्ये आहे. मी ते रोज काढून वाचते. सत्तावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, उत्तर कुणाचं बघून उतरवलंय ते मला दुसऱ्या ओळीत कळतं. माझ्याच पत्रातली एक ओळ मला खुपते आणि ती कुठली ते तुला माहीत आहे. तू ती वाचून काही बोलली नाहीस. माझ्यासारखी असतीस तर लाल पेनानं खूण करून पाठवलं असतंस.

ऐकलं होतं मी. सगळं ऐकलं होतं.

तू रांगेतून बाहेर येऊन माझ्या अगदी जवळ उभी राहिलीस, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणालीस, ‘आत्या, एकवीरा आईला नवस बोललेय. बाबा चालत घरी येईपर्यंत पायात काही घालणार नाही. दिवाळीपासून पाळतेय. मला तेवढं सोड ना.’ मी म्हणाले, ‘शाळेत आत्या नाही. मॅडम म्हणायचं.’ मग नवसीला हाक मारून क्रीडादिनाला राहून गेलेल्या बुटांची पेटी आणायला लावली. त्यातला जो जोड निघाला तो तुला मोठा होत होता. तू हलत नव्हतीस. मी म्हणाले, ‘घालतेस की घरी पाठवू?’

तू खाली बसलीस आणि नाड्या बांधल्यास. मागच्या पोरांनी पाहिलं. मला तेव्हा बरं वाटलं, उन्नती. माझ्या घरातलंही कुणी सुटत नाही हे सगळ्यांना दिसलं म्हणून बरं वाटलं. संस्थेचे लोक आले तेव्हा मी त्यांना ही गोष्ट हसत हसत सांगितली. त्यांनी मान डोलावली.

साडेअकराला तुला वर्गातून बोलावून रिक्षात घातलं तेव्हा बूट तुझ्या पायातच होते. दवाखान्यात तू तशीच पळत गेलीस. अनंताच्या पायाशी बसलेल्या आजीनं आधी तुझे पाय पाहिले, मग तुझं तोंड.  बोलली ती बाराव्याला. ओटीवर सगळ्या बायका बसल्या होत्या, चुलती कौसाबाई, तिच्या सुना, शेजारच्या. आजीनं सरळ मला विचारलं, ‘मथुरे, पोरीनी तुला नवसाचा सांगला व्हता का?’

मी म्हणाले, नाही, मला काही बोलली नाही ती.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलेल, खोटी पाडेल मला. तू मान खाली घातलीस. मग कौसाबाईनं सुरू केलं, की पोरीला शाळेत लाज वाटली असेल, मैत्रिणी हसतील म्हणून घातले असतील, आजकालच्या पोरींना देवीपेक्षा बूट मोठे. मी तिथे बसून ते ऐकलं. चहा पण प्याले.

असं का केलंस, असं तू विचारलं नाहीस. तरी सांगते. खरवईच्या त्या घरात मी गेले की माझ्यासाठी खुर्ची आणतात. बाकीच्या बायका खाली, मी खुर्चीत. घरातली पहिली नोकरी करणारी मुलगी म्हणून. बँकेचा फॉर्म असो, तलाठ्याचा कागद असो, डॉक्टरशी बोलायचं असो, मथुराला विचारा. त्या खुर्चीत बसून मला म्हणता आलं नाही की हो, पोरीनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. भीती वाटली. बावन्न वर्षांच्या बाईला आपल्या म्हाताऱ्या आईची भीती वाटली.

पूर्वपरीक्षा पाचला आहे. माझं तोंड बघायला लागू नये म्हणून मी तुझ्या वर्गावरचं पर्यवेक्षण बदलून घेतलं आहे. ये.

आत्या


११ जानेवारी २०२६
अंबरनाथ

उन्नती,

पूर्वपरीक्षेला आली नाहीस. पाचही दिवस तुझी उत्तरपत्रिका तुझ्या बाकावर ठेवली जायची आणि तासाभरानं कोरी गोळा व्हायची. राजेश सर तुझं नाव घेऊन गैरहजर लिहायचे. मला ते बाहेर वऱ्हांड्यात ऐकू यायचं.

आज खरवईला गेले होते. अनंताचा दुसरा महिना. तू आणि वहिनी याल असं वाटलं होतं. पान वाढून झालं, सगळे ओटीवर बसले. माझ्यासाठी कौसाबाईच्या नातवानं खुर्ची आणली. मी खाली बसले. कौसाबाई म्हणाली, अगो साडी खराब होईल. मग मी सांगितलं. फाटकावर तू काय बोललीस, मी काय बोलले, बूट कुणी आणायला लावले, घरी पाठवायची धमकी कुणी दिली, सगळं. बाराव्याला मी खोटं बोलले हेही सांगितलं.

 मला वाटलं होतं आई शिव्या देईल, निदान उठून आत जाईल. ती म्हणाली, ‘मना ठावं व्हता. पोर खोटा बोलत नाय.’ मी म्हटलं, मग त्या दिवशी मला विचारलंस कशाला? तर म्हणाली, ‘तुझ्या तोंडानी ऐकाचा व्हता.’

दोन महिने तिला ठाऊक होतं आणि ती वाट बघत होती. मी सहावीत असताना शेजारच्या वाडीतल्या कैऱ्या चोरल्या होत्या, तेव्हाही तिनं असंच केलं होतं. ती दोन दिवस काही बोलली नाही, नुसती जेवायला वाढायची.

आजीनं तुला निरोप दिला आहे. आपलं घर तुझं आहे, ये. तिच्या शब्दांत लिहायला गेले तर मला रडू येतं, म्हणून एवढंच लिहिते.

कौसाबाईचं मात्र सांगायला हवं, कारण तू कुणाकडून तरी ऐकशीलच. ती म्हणाली, मथुरानं सांगितलं असलं तरी घातले ते पोरीनंच ना. नवस मोडला तो मोडला. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिस्तप्रमुखाला शोभणारं तर मुळीच नव्हतं. ती अजून डोळे पुसत असेल.

आता सगळ्यांना कळलं आहे. तुझ्यावर आळ राहिलेला नाही. ये आता.

आत्या


१ फेब्रुवारी २०२६
अंबरनाथ

उन्नती,

या वेळी पत्र परत आलं नाही. मी उगीचच तीन आठवडे आशेवर होते. मग काल नवसीला विचारलं. ती जिना झाडत होती, झाडू खाली ठेवून पायरीवर बसली. म्हणाली, तू पत्र ठेवून घेतलंस, आजीचा निरोप वाचून रडलीस, पण शाळेचं नाव काढलं की उठून जातेस. मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते. ‘बाई, पोर बोलते, आत्यानी सांगलं तरी मी घातलं कशाला. रडली असती, पळाली असती. घातलं कशाला. बाबाला मीच धाडलं, असं बोलते. जेवता जेवता बोलते नि हात धुते.’

नवसी पुढे म्हणाली, मी पण पेटी आणून दिली होती, थोडं माझ्यावर पण आहे. मी तिला गप्प केलं. तिच्यावर काही नाही. ती शिपाई आहे, मी सांगितलं म्हणून तिनं आणलं. हे बोलून झाल्यावर लक्षात आलं की तूही तेच केलं होतंस.

मला वाटलं होतं लोकांसमोर खरं बोललं की सुटलं. खोटं माझं होतं, ते मी परत घेतलं, हिशेब पुरा. तसं होत नाही. कौसाबाई जे ओटीवर बोलली ते तू त्याआधीच स्वतःला बोलून बसली होतीस आणि तिथे मला काही करता येत नाही.

मी फाटकावरची जबाबदारी सोडली आहे. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात. त्यांनी राजेश सरांना उभं केलं. तो बिचारा पोरांना नावानं हाक मारतो आणि पट्टा नसला तर विचारतो, काय झालं रे? निम्मी पोरं थापा मारतात. पट्टा कुत्र्यानं खाल्ला इथपर्यंत मजल गेली आहे. पण परवा एका पोरानं सांगितलं की आईनं पट्टा विहिरीच्या दोराला बांधलाय, दोर तुटला म्हणून. सरांनी वाडीत जाऊन बघितलं, खरं निघालं. मी त्या फाटकावर नऊ वर्षं उभी होते. त्या पोराला मी आजवर किमान चार वेळा बाहेर उभं केलं असेल. मी एकदाही विचारलं नव्हतं.

गणवेश असू नये असं माझं मत झालंय असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की असावा. त्या निळ्या स्कर्टचं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण मला जे त्या स्कर्टनं दिलं, ते मी पोरांना देत होते की त्यांच्याकडून वसूल करत होते, ते मला आता सांगता येत नाही. याचा विचार मी निवृत्तीनंतर करीन. तुझी परीक्षा त्याआधी आहे. वीस तारखेला मराठीचा पेपर. केंद्र बदलापूर पश्चिमेला आलंय, आपल्या शाळेत यावंच लागणार नाही. आपलं फाटक ओलांडावं लागणार नाही.

हॉलतिकीट माझ्याकडे आहे.

आत्या


१७ फेब्रुवारी २०२६
अंबरनाथ

उन्नती,

हॉलतिकीट सोबत आहे. ते आधी बाजूला काढून ठेव, मग हे वाच. म्हणजे रागानं पत्र फाडलंस तरी हॉलतिकीट शाबूत राहील.

काल महेंद्र मला शाळेत भेटायला आला होता. म्हणाला, ताई, पोरगी परीक्षेला बसत नाही म्हणते, आम्ही जबरदस्ती करणार नाही. चांगला माणूस आहे तुझा मामा. तो गेल्यावर मी ठरवलं. तीन महिने मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ओटीवर त्या दिवशी सगळं सांगितलं असं लिहिलं, तेव्हाही हे मागे ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी, म्हणजे आदल्या दिवशी, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. शिकलेली म्हणून घरच्यांनी नेहमीप्रमाणे मलाच पुढे केलं होतं. ते म्हणाले, डायलिसिसचा उपयोग होत नाही, हृदय साथ सोडतंय, एक-दोन दिवस फार झाले. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. मी मान हलवली. आत येऊन वहिनीला म्हणाले, औषध लागू पडतंय म्हणतात. ती इतकी थकलेली होती की ऐकून बसल्या जागी झोपली. तिला रात्रभर तरी झोपू द्यावं असं मला वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

म्हणजे हे नीट समजून घे. तू फाटकावर आलीस त्याच्या बारा तास आधी डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तू बूट घातलेस म्हणून काही झालं नाही आणि घातले नसतेस म्हणून काही थांबलं नसतं. पाहिजे तर वहिनीनं फाइल ठेवली आहे, शेवटच्या पानावर बुधवारची तारीख आहे, वेळही लिहिली आहे. महेंद्रला वाचायला सांग. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कागद बघ.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण अर्धं सांगून मी एकदा बघितलं आहे.

गुरुवारी सकाळी सहा दहाला मी दाराला कुलूप लावत होते. वहिनीच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं झालं. पण आवाज अनंताचा होता. वहिनी खाली चहाला गेली होती आणि तिचा फोन उशीजवळ राहिला होता. आवाज बारीक, पण शुद्धीवर होता, माझ्याशी नेहमीसारखा बोलत होता. म्हणाला, ‘बाय, पोरीला जरा घेऊन ये गो. आज शाला ऱ्हावं दे.’

त्यानं तुला बोलावलं होतं, उन्नती.

आणि मी म्हणाले, आज संस्थेचे लोक येणार आहेत, शाळा सुटल्यावर आणते, साडेबाराला.

डॉक्टरांचं मला माहीत होतं. एक-दोन दिवस म्हणाले होते, म्हणजे दुपार तर नक्की आहे, असा मी हिशेब केला. तास, मधली सुट्टी, तास, आणि मग भाऊ. मला सगळ्या गोष्टी वेळापत्रकात बसवायची सवय आहे.

मग मी फाटकावर आले आणि तू दिसलीस. पाय धुळीनं भरलेले. खरवईपासून चालत आली होतीस. मला तेव्हा जो राग आला तो नियमाचा नव्हता. मला माहीत होतं की तो चालत घरी येणार नाही, आणि तुला माहीत नव्हतं. तू मला ‘मला तेवढं सोड ना’ म्हणालीस आणि मला ते तुझे पाय बघवेनात. ते झाकून टाकावेत असं वाटलं, लगेच, कशानंही. म्हणून मी ती पेटी आणायला लावली. नियम हाताशी होता, तो वापरला.

नऊ वाजता मी तुझ्या वर्गावरून गेले. तू खाली मान घालून वहीत आकृती काढत होतीस. तेव्हा निघालो असतो तरी पाऊण तासात पोचलो असतो. तेवढ्यात शिपायानं येऊन सांगितलं की हॉलमध्ये बोलावलंय. मी गेले. त्यांनी शिस्तीबद्दल माझं कौतुक केलं, गुलाबाचं फूल दिलं. अकरा वीसला माझ्या हातात ते फूल होतं.

तेव्हा तुला दोष शोधायचाच असेल तर चुकीच्या ठिकाणी शोधू नकोस. बाप तुझ्यामुळे गेला नाही. त्याचं तुझं शेवटचं भेटणं मात्र माझ्यामुळे राहिलं. तू त्याच्याजवळ चार तास बसू शकली असतीस.

हे लिहिलं नसतं तर तू वर्षा-दोन वर्षांनी माझ्याशी बोलायला लागली असतीस. मला ते फार हवं होतं. मला मूलबाळ नाही, अनंताची एक तूच. पण तू ते ओझं उचलून आयुष्यभर फिरशील आणि मी तुला दिवाळीला साडी पाठवीन, हे मला जमणार नाही. माझ्याशी बोलू नकोस. परीक्षेला जा. पत्र वहिनीला दाखव, आजीला वाचून दाखव, तुला वाटेल त्याला दाखव. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही राहिलेलं नाही.

मथुरा


२० फेब्रुवारी २०२६
अंबरनाथ

उन्नती,

दुपारी नवसी घरी आली, कधी येत नाही ती. तिला कळलं होतं की मी अंबरनाथच्या केंद्रावर पर्यवेक्षणाला आहे आणि चारपर्यंत परतते. म्हणून ती शिवमंदिराच्या कठड्यावर येऊन बसली होती. म्हणाली, पोर पेपराला गेली, मामानं गाडीवर सोडली, सगळा पेपर लिहून बाहेर आली. मी तिला चहा केला. दोनदा साखर घातली, तिनं तसाच प्याला.

मग तिनं माझं पत्र काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात एक ओळ होती.

‘बाबा आणखी काय म्हणाले?’

नवसी थांबली आहे. लिहून दे म्हणाली, मी जाता जाता देते. दोन कागद फाडले. पहिल्यावर मी लिहिलं होतं की तो म्हणाला, पोरीला शिकव. दुसऱ्यावर लिहिलं होतं की तिला सांग, घाबरू नको. दोन्ही वाक्यं तुला आयुष्यभर पुरली असती आणि खोटं कुणाला कधी कळलं नसतं. अनंता असंच काहीतरी बोलला असता.

मी त्याला म्हणाले की साडेबाराला आणते. तो जरा थांबला. श्वास घेत होता बहुतेक. मग म्हणाला, ‘बरा. मंग तिला येवढा सांग,’ आणि मी म्हणाले, ‘दुपारी तूच सांग रे, मला उशीर होतोय.’

आणि फोन ठेवला.

पुढचं मी ऐकलं नाही, उन्नती.

मथुरा